ओंबाटीचं खातं

प्रश्न तिनं सहज विचारला होता. मॅन्युअलमध्ये एक उदाहरण द्यायचं होतं, आणि ते असं हवं होतं की वाचणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर मलाही विचारायचं होतं. म्हणून केरुबोनं एका गिऱ्हाइकाचं वर्कस्पेस, म्हणजे त्या कंपनीची सगळी खाती आणि अहवाल असलेली जागा, उघडलं आणि पडद्यावरच्या चौकटीत लिहिलं, या वर्कस्पेसमध्ये सगळ्यात जास्त काम कोण करतं? एआय एजंटनं आकडेमोड चालल्यासारखं दाखवलं आणि उत्तर दिलं. ओंबाटी न्याकुंडी. आज सकाळीही त्यांनी मोंबासाचा विक्री अहवाल उघडून दुरुस्त केला आहे. गेल्या वर्षभरात त्यांनी कामाचा एकही दिवस चुकवलेला नाही. चहाच्या कपाकडे निघालेला केरुबोचा हात वाटेतच राहिला. ओंबाटी न्याकुंडी हा तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

ती घाबरली नाही. ही काही भुताखेतांची गोष्ट नव्हती, आणि हे कसं झालं असेल ते तिच्या पुढच्याच क्षणी ध्यानातही आलं. पण ते डोक्याच्या ध्यानात आलं, अंगाला समजायला वेळ लागला. आज सकाळीही, असं एजंट म्हणत होता. आज सकाळी ती मुलीची वेणी घालत होती, दूध उतू गेलं म्हणून चिडली होती, मटाटूच्या मिनीबसमध्ये पुढची जागा मिळाली म्हणून उगाच खूश झाली होती, आणि त्याच वेळी ओंबाटी मोंबासाचा अहवाल दुरुस्त करत होता. त्याचं ते तपकिरी जाकीट तिला दिसलं. चेन अडकलेली असायची म्हणून तो ते डोक्यावरून घालायचा आणि मग केस सारखे करायचा, नसलेले केस. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो एक खुळा राग. हा माणूस रोज कामावर जातोय, एक दिवस चुकवत नाही, आणि घरी मात्र येत नाही. खिडकीबाहेर नैरोबीच्या न्गाँग रोडवर जुलैची थंडी पसरली होती, ऊन कुठंच नव्हतं, आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवर कुणीतरी भल्या सकाळी लावलेले दिवे अजून तसेच जळत होते.

ओंबाटीचं ऑफिस इंडस्ट्रियल एरियात होतं. साबण, तेल, साखर असला घाऊक माल देशभर पोचवणारी कंपनी, आणि तिच्या विक्रीचे आकडे जुळवून अहवाल करणारं एक टेबल. त्या टेबलाभोवती सहा माणसं बसत. केरुबोच्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं तेव्हा दर नावाला वेगळं लायसन्स पडत होतं. त्यांचा म्हातारा मॅनेजर म्हणाला, सहा नावं कशाला, तुम्ही एका ताटात जेवणारी माणसं, एका नावानं भागवा. नाव पडलं ओंबाटीचं. बाकीच्यांना फुकटातली, नुसतं बघण्यापुरती खाती मिळाली आणि ती कुणी कधी उघडलीच नाहीत. काम सगळं ओंबाटीच्या खात्यातून. पण त्या खात्यात एका वेळी एकालाच बसता येई, दुसरा शिरला की पहिला बाहेर फेकला जाई. म्हणून त्या टेबलावर दिवसभर आरडाओरडा चाले. ओंबाटीच्या घरात कोण आहे? मी आहे, पाच मिनिटं. पाच मिनिटं म्हणून तास झाला, निघ आता. संध्याकाळी जेवताना तो हे हसत हसत सांगायचा. "आज माझ्याच घराबाहेर अर्धा दिवस उभा होतो. आत मुएनी होती, पाय पसरून." त्याचा पासवर्ड म्हणजे मुलीचं, क्वाम्बोकाचं, लाडाचं नाव होतं. तो गेला, त्याची खुर्ची रिकामी झाली, मॅनेजर निवृत्त झाला, कंपनी परदेशातल्या नव्या मालकांनी घेतली, पण खात्याचं बिल कुणीतरी न बघता भरत राहिलं. आणि पाच माणसं रोज सकाळी तिच्या मुलीचं लाडाचं नाव टाइप करून कामाला लागत राहिली.

हे तिला माहीत होतं का? होतं. माहीत असूनही तिनं कधी त्याचा विचार केला नव्हता. न्यामिराच्या डोंगरात, चहाच्या मळ्यांना लागून असलेल्या त्याच्या घराच्या परसात त्याला पुरलं, तेव्हा ते टेबल आख्खं बस करून आलं होतं. चिखलात बूट रुतलेले, डोक्याला रुमाल बांधलेली मुएनी खड्ड्याच्या कडेला उभं राहून तिच्या कांबा भाषेत मोठ्यानं गात होती, आणि केरुबोच्या सासूला त्यातला एक शब्द कळत नव्हता तरी ती मान हलवत होती. परत जाताना मुएनीनं तिला जवळ घेऊन कानात सांगितलं होतं, "त्याचं घर आम्ही उघडं ठेवू." तेव्हा केरुबोला वाटलं, बाई दुःखात बोलतेय. आता तिच्या लक्षात आलं की मुएनी अगदी साधी व्यवहाराची गोष्ट सांगत होती.

आणि हे मॅन्युअल लिहिण्याचं काम तरी तिच्याकडे आलं कुणामुळे? ती शाळेत इंग्रजी शिकवत होती. ओंबाटी एकदा ताटाशेजारी या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल उघडून बसला आणि करवादला, "हे ज्यानं लिहिलंय त्यानं ते कधी उघडलेलंच नाही." तिनं गंमत म्हणून दोन पानं पुन्हा लिहिली. तो वाचून दाखवायचा, ती विचारायची, मग काय होतं, मग कुठं दाबतोस, दाबलं की काय दिसतं. त्यानं ती पानं तिला न विचारता कंपनीला पाठवली आणि कंपनीनं तिला बोलावून घेतलं. तेव्हापासून तिचा एक नियम होता. जे स्वतः करून पाहिलं नाही ते लिहायचं नाही. 'हे बटण दाबल्यावर अहवाल जातो' असं लिहायचं तर आधी बटण दाबायचं आणि अहवाल गेला का ते बघायचं. इतका काटेकोरपणा कुणासाठी, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नसे, कारण उत्तर लाजिरवाणं होतं. मॅन्युअल कुणी वाचत नाही. अडल्यावर लोक शेजाऱ्याला विचारतात, शेजाऱ्याला येत नसेल तर फोन करतात, आणि फोनवरचा माणूसही मॅन्युअल न वाचताच सांगतो. सात-आठ वर्षं तिनं अशी पानांवर पानं लिहिली होती आणि ओंबाटीनंतर ती नीट वाचणारं कुणी उरलं नव्हतं.

आता एक वाचक आला होता. कंपनीनं नवं टूल काढलं होतं, ज्यातून गिऱ्हाइकाचा एआय एजंट थेट त्याच्या वर्कस्पेसमध्ये शिरेल, आकडे वाचेल, अहवाल करेल, विचारलेल्याचं उत्तर देईल. पहिलं गिऱ्हाईक ओंबाटीची कंपनी होती, म्हणून तपासायला केरुबोला तिथलंच वर्कस्पेस उघडून दिलं होतं. एजंट म्हटलं की नैरोबीत जमिनीचे दलाल आठवतात, पण याला बसायला खुर्ची लागत नव्हती आणि हा कमिशनही मागत नव्हता. त्याला आत काय आहे, कशाचा अर्थ काय, काय करावं आणि काय करू नये, हे सगळं केरुबोच्या पानांतून कळायचं. तो प्रत्येक वेळी सगळी पानं वाचायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि त्यावर विश्वास ठेवायचा. एवढ्या वर्षांनी मिळालेला हा वाचक पाहून सुरुवातीला ती हरखली होती. तिनं एक शब्द बदलला की त्याचं वागणं बदलायचं. नवरा गेल्यावर कुणी तिचं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं, हे तिला एकदा जाणवलं होतं आणि ती स्वतःशीच खजील झाली होती.

गिचेरू मागे येऊन उभा राहिला तेव्हा ते उत्तर अजून पडद्यावरच होतं. गिचेरू या टूलचा प्रमुख, तिच्याहून वयानं लहान, सतत घाईत, पण मनानं वाईट नाही. "वा," तो म्हणाला. "हेच उदाहरण घाल. नाव बदल फक्त. कोण आहे हा? एकटाच गाडा ओढतोय. बाकीचे काय करतात तिथं, शेंगा सोलतात?"

"हे गिऱ्हाइकाचं खरं वर्कस्पेस आहे," ती म्हणाली. "खरी माणसं आहेत ही."

"म्हणून तर मजा आहे. नवे मालक हाच प्रश्न विचारणार आहेत. सोमवारी टूल चालू झालं की पहिला प्रश्न, कोण काम करतं आणि कोण नाही. उत्तर येईल तसं टेबल छाटणार. तसं त्यांनी मला स्पष्टच सांगितलंय."

"माणसांना विचारणार नाहीत?"

"माणसं खोटं बोलतात, केरुबो. नाहीतर हे टूल घेतलं कशाला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती ऑफिसात माहेरचं नाव लावायची, गिचेरू नंतर आलेला, त्याला काही ठाऊक नव्हतं. तो माझा नवरा आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याच्या शेपटाला सगळं टेबल बांधलेलं होतं, लायसन्स, म्हातारा मॅनेजर, मुएनी आणि बाकीची चौघं, आणि ते उघडं करायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिनं त्या दिवशी स्वतःपाशीही धड कबूल केली नाही. एकटाच गाडा ओढतोय, हे ऐकायला तिला गोड लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती इंडस्ट्रियल एरियात गेली. कारखान्याच्या भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या टपरीत मुएनी आधीच येऊन बसली होती, पुढ्यात चपाती आणि घेवड्याच्या बियांची उसळ. मुएनी अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. "ये, क्वाम्बोकाची आई. किती वाळलीस गं. तुझ्या ऑफिसात खायला देत नाहीत का? नुसतं वाय-फाय देतात?" तिनं आपली चपाती मोडून अर्धी केरुबोच्या ताटात टाकली. केरुबोनं सगळं सांगितलं. यंत्रानं काय उत्तर दिलं तिथं पोचल्यावर मुएनी हसायला लागली, इतकी की टपरीवालीनं वळून पाहिलं. "म्हणजे मेल्यावर बढती मिळणार त्याला," ती डोळे पुसत म्हणाली. "जिवंतपणी मागून मागून थकला बिचारा. एक दिवस चुकवला नाही म्हणे. अगं, पाठदुखीचं सोंग करून आठवड्याला एकदा पळायचा तो." मग तिचं हसू हळूहळू विरलं. "आणि आमचं काय दिसतं त्यात?"

"तुमची नावं आहेत. पण त्या नावांनी कुणी काही केलेलं नाही. एकदाही नाही."

"म्हणजे मी तिथं नाहीच."

"नाहीस."

मुएनीनं चपातीचा घास उसळीत बुडवला आणि तो तसाच हातात धरून बसली. "मोंबासाच्या गोदामात साखर किती आणि उंदरांनी किती खाल्ली, हे मी फोनवर माणसाच्या आवाजावरून ओळखते," ती म्हणाली. "ते कुठं दिसत नाही?"

"दिसतं. ओंबाटी ओळखतो, असं दिसतं."

"मग लिही ना बाई. तू लिहिणारी आहेस. एक ओळ घाल की या नावात सगळे आहेत."

"लिहिलं तर लायसन्स चुकवलं असं निघेल."

"ते आम्ही चुकवलं का? तो म्हातारा म्हणाला एका ताटात जेवा, आम्ही जेवलो. तो गेला गावी किटुईला शेळ्या राखायला."

"यंत्राला ते कसं कळणार?"

"तू सांगायचं. तुझं ऐकतंय म्हणालीस ना ते? माझं तर घरात कुत्रं ऐकत नाही." मग तिनं आवाज खाली आणला. मालकांना थेट सांगून पाहिलं होतं त्यांनी. त्यांच्याच टेबलावर बसणाऱ्या बाराझानं पत्र लिहिलं होतं, काही महिन्यांपूर्वी, आमची खाती वेगळी करून द्या म्हणून. उत्तर त्याच मिनिटाला आलं, फार गोड भाषेत, तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे. पत्र माणसापर्यंत पोचलंच नव्हतं. "हे बघ," मुएनी म्हणाली, "काढायचंच म्हणतील तर काढतील. माणसं जास्त झाली म्हणून काढलं की कायद्यानं काहीतरी हातावर ठेवावं लागतं, तेवढं ठेवतील. पण मला ते नको. माझ्या धाकट्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. मला नोकरी हवी. लिही तू. खरं तेच लिही, खोटं कुठं सांगतेय?"

परत येताना मटाटूत तिच्या डोक्यात वाक्यं जुळत होती. तिला वाटलं, खरं नीट मांडलं तर ऐकलं जातं. शाळेत मुलांना ती हेच तर शिकवत आली होती. ऑफिसात पोचल्यावर कोट न काढताच ती बसली आणि शब्दार्थांच्या पानावर तिनं लिहिलं, एका नावामागे अनेक माणसांचं काम असू शकतं, नावांवरून माणसं मोजू नयेत. वाक्य तिला आवडलं. मग नियमाप्रमाणे तिनं ते तपासलं, चौकटीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. एजंटनं ती ओळ वाचली होती, ते लगेच दिसलं. ओंबाटी न्याकुंडी या खात्यामागे अनेक व्यक्ती असण्याची शक्यता आहे, तो म्हणाला. एक खातं अनेकांनी वापरणं हा कराराचा भंग आहे. शिवाय खातेदाराचं नाव सध्याच्या कर्मचाऱ्यांत नाही. खातं तातडीनं बंद करून संबंधितांची चौकशी करावी. तिनं ओळीत भर घातली, ही व्यवस्था वरिष्ठांच्या संमतीनं झाली होती. संमतीचा पुरावा आढळत नाही, तो म्हणाला. तिनं लिहिलं, गरजेपोटी झाली होती. गरज समजण्यासारखी आहे, तो म्हणाला, आणि पुढे तेच सगळं, जरा मऊ आवाजात. तिनं ओळ पुसून टाकली. तेव्हा पुन्हा एकटा ओंबाटी उरला, वर्षभर एकही दिवस न चुकवणारा, आणि खाली नवी ओळ आली, इतर पाच पदांची आवश्यकता दिसत नाही.

संध्याकाळपर्यंत ती हेच करत बसली. शब्द इकडचे तिकडे केले. 'माणसं' काढून 'सहकारी' घातलं, 'सहकारी' काढून 'कुटुंब' घातलं आणि स्वतःच्या भाबडेपणाची शरम वाटून तेही काढलं. कुठल्याही वाटेनं गेलं तरी शेवटी ती पाच माणसं दाराबाहेर उभी दिसत होती. मध्येच तिला वाटलं, राहू दे. काही न लिहिणं सोपं होतं, आणि त्यात ओंबाटी राहत होता. मालकांच्या त्या परक्या देशात कुणीतरी त्याचं नाव वाचेल, म्हणेल, काय माणूस आहे. जगात एक जागा अशी उरेल जिथं तो सकाळी उठून कामाला लागतो. तिला ते हवं होतं, अगदी अंगातून हवं होतं, आणि त्यासाठी मुएनीला पुसून टाकावं लागत होतं. शेवटच्या दिवसांत, पोटाच्या दुखण्यानं वाकडा झालेला असताना, हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यानं फोन केला होता तो मुएनीला. आत जा आणि किसुमूचं बघ, मी बाहेरच आहे. असा माणूस एकट्याची स्तुती ऐकून काय म्हणाला असता ते तिला ठाऊक होतं.

म्हणून तिनं ओळ परत घातली आणि तिच्या पुढे आणखी एक घातली. अशा खात्याबाबत काहीही ठरवण्यापूर्वी संबंधित माणसांशी बोलावं. या वेळी एजंटचं उत्तर वेगळं आलं. निर्णयापूर्वी संबंधितांशी प्रत्यक्ष बोलणं आवश्यक आहे, असा सल्ला तो पहिल्यांदाच देत होता. केरुबो खुर्चीत मागे टेकली. कुणीतरी बोलेल. कुणीतरी त्या टेबलापाशी जाऊन उभं राहील, मुएनी त्याला उंदरांचं सांगेल, तो माणूस हसेल, आणि मग त्याला कळेल. एवढी तिची अपेक्षा होती, आणि ती काही फार मोठी होती असं तिला वाटलं नाही. तिनं पान गिचेरूकडे पाठवलं. त्यानं न वाचता मंजूर केलं.

सोमवारी टूल चालू झालं. त्याच आठवड्यात एका दुपारी गिचेरू तिच्या टेबलाशी आला, हातात मांडाझीची, तळलेल्या गोड पुऱ्यांची, पुडी. एक तिच्यापुढे ठेवत तो म्हणाला, "पहिलं गिऱ्हाईक खूश. एजंटनं येता येताच लबाडी पकडली. पाच जण एका खोट्या खात्यावर काम करत होते. सरळ गैरवर्तनाखाली काढले, हातावर एक शिलिंगही न ठेवता. मालकांना वाटलं होतं माणसं कमी करायची तर भरपाई द्यावी लागेल, तीही वाचली. आणि खरं सांगू, ते तुझ्या त्या ओळीमुळे. ती नसती तर एजंटला संशयच आला नसता."

"माणसांशी बोलावं असं लिहिलं होतं मी."

"बोलले की. एजंटनं प्रत्येकाला स्वतंत्र विचारलं, हे खातं तुम्ही वापरलंत का? सगळे हो म्हणाले. एकानंही नाकारलं नाही." त्यानं मांडाझीचा तुकडा तोडला. "तसे साधे असणार लोक."

"ते खातं माझ्या नवऱ्याचं होतं," केरुबो म्हणाली.

गिचेरू चघळायचा थांबला. मग शेजारची खुर्ची ओढून हळूच बसला. त्याला खरंच वाईट वाटलं, ते दिसत होतं. त्यानं विचारलं, कधी गेले, कशानं गेले, मुलं किती, आणि ती सांगत गेली तसं मान हलवत राहिला. त्यानं तिला पाणी आणून दिलं. आणि मग अगदी जपून, तिला लागू नये अशा बेतानं त्यानं विचारलं, "मग ते उदाहरण काढायचं का मॅन्युअलमधून? तू म्हणशील तसं." ती म्हणाली, काढ. तो उठून गेल्यावर तिनं वर्कस्पेस उघडून नाव शोधलं. या नावाचं कुणी नाही, असं उत्तर आलं. तो पहिल्यांदा गेला तेव्हा बस भरून माणसं आली होती, सासू होती, गाणं होतं, पुढचे कितीतरी दिवस दारात चपला मावत नव्हत्या. या वेळी ती एकटी होती आणि कुणाला कळवायचं हेही तिला सुचेना. तिनं मुएनीला फोन लावला. मुएनीनं उचलला नाही.

शनिवारी दुपारी मुएनी डोनहोमला केरुबोच्या घरी आली. केरुबोनं दार उघडलं आणि ती शिव्यांची वाट बघत उभी राहिली. शिव्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. मुएनीनं आत येऊन क्वाम्बोकाच्या हातात केळ्यांचा घड दिला, तिच्या गालाचा मुका घेतला, पोरीला बाहेर खेळायला पाठवलं आणि मग सोफ्यावर बसली.

"मुएनी, ती ओळ मी..."

"मीच सांगितलं होतं तुला लिही म्हणून. आता त्याचं लोणचं घालू नकोस." तिचा आवाज बसलेला होता. "चहा टाक. साखर जास्त घाल, माझ्या साखरेचा आता हिशेब ठेवणारं कुणी नाही."

चहा पिऊन झाल्यावर तिनं कामाचं सांगितलं. थिकाच्या बाजूला एका गोदामात माणूस हवा होता. त्यांना अर्ज पाहिजे, आपण काय काय काम केलं ते पाहिजे, सगळं संगणकावरून. "तू लिहून दे," ती म्हणाली. "मला बोलता येतं. लिहिता येत नाही तसलं." केरुबोनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वर मुएनीचं पूर्ण नाव लिहिलं. मग विचारत गेली, पूर्वी ओंबाटीला विचारायची तसंच. मग काय करायचीस, मग ते कुठं जायचं, त्यावरून पुढे काय व्हायचं. मुएनी सांगत होती. मोंबासाची साखर, किसुमूचं तेल, डिसेंबरात साबण कुठं कमी पडेल ते ऑगस्टात सांगणं, नवीन आलेल्याला शेजारी बसवून शिकवणं. सांगता सांगता तिचा आवाज जरा वर आला, एका ठिकाणी तर ती हसलीही. मग केरुबोला विचारावं लागलं, हे दाखवता येईल असं काही आहे का, एखादा अहवाल, एखादा कागद, तुझं नाव असलेला. मुएनीनं मानेनंच नाही म्हटलं. आधीच्या नोकरीतल्या कुणाचं नाव द्यायचं चौकशीसाठी? पुन्हा नाही. आणि नोकरी सोडण्याचं कारण? बाहेर अंगणात क्वाम्बोका आणि शेजारची पोरं दोरीवरच्या उड्या मोजत होती.

केरुबोनं ती जागा मोकळी सोडून बाकीचं पूर्ण केलं. पानभर झालं. तिनं ते सावकाश वाचून दाखवलं. मुएनी हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून ऐकत होती. त्यात लिहिलं होतं, ती कष्टाळू होती, तिला माणसांच्या आवाजावरून खरं-खोटं कळे, ती दुसऱ्याला शिकवताना कंटाळत नसे. वाचून संपल्यावर मुएनीनं मान वर केली.

"छान लिहिलंस," ती म्हणाली. "आमच्याकडे माणूस पुरताना असंच वाचतात."

केरुबोनं 'होती' सगळीकडची काढून 'आहे' केलं. मग कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते विचारलं. मुएनीनं पिशवीतून फोन काढला, तो तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, "बघ तूच. तिथंही आधी यंत्रच वाचतं वाटतं. माणसाचं नाव काही दिलेलं नाही."